इमेल्डा मार्कोस: चपला, पैसा आणि लोक परत परत विचारतात ते प्रश्न

इमेल्डा म्हणजे फिलिपिन्सचा हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस, त्याची बायको. तिचं नाव निघालं की लोक आधी चपलांचं विचारतात, मग हसतात आणि विषय तिथेच संपतो. मी पण कॉलेजात असताना तिला फक्त "ती चपलावाली बाई" म्हणूनच ओळखायचो. नंतर कोर्टाचे निकाल वाचायला घेतले तेव्हा कळलं की चपला ही ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त गोष्ट होती. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका ठिकाणी टाकतोय, जमेल तसे.

ही बाई नक्की कोण, आधी ते सांगा

इमेल्डा रोमुआल्देझ मार्कोस, जन्म २ जुलै १९२९, मनिलाचा. घराणं मोठं पण हिच्या वडिलांची शाखा पडत्या काळातली, आई १९३८ मध्ये गेली आणि मग सगळे लेयते बेटावरच्या टक्लोबानला राहायला गेले. दिसायला सुंदर, आवाज चांगला, "टक्लोबानचा गुलाब" म्हणून नाव झालेलं. १९५३ मध्ये मिस मनिला स्पर्धेत हरली, तर थेट मेयरकडे जाऊन तक्रार केली आणि त्याने तिला "म्यूज ऑफ मनिला" अशी वेगळीच पदवी देऊन टाकली. म्हणजे नियमात बसत नसेल तर साहेबांना भेटायचं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. १९५४ मध्ये फर्डिनंड मार्कोस नावाचा खासदार भेटला, अकरा दिवसांत जमलं आणि १ मेला लग्न. १९६५ ला तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, १९६९ ला परत आला, आणि तिसरी टर्म घटनेत बसत नव्हती तर सप्टेंबर १९७२ मध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावून घटनेचाच प्रश्न मिटवला. फेब्रुवारी १९८६ पर्यंत दोघं सत्तेत होते.

खरंच ३,००० जोड होते का?

नाही, बहुतेक नाही. १९८६ मध्ये दोघं देश सोडून पळाले आणि राष्ट्राध्यक्षांचा मलाकान्यांग पॅलेस रिकामा सापडला तेव्हा ३,००० चा आकडा जगभर गेला आणि तोच लोकांच्या डोक्यात बसला. नंतर नीट मोजले तर हजार-बाराशेच्या आसपास भरले. आकडा कमी झाला म्हणून गोष्ट साधी होत नाही म्हणा, कारण सोबत ५०८ गाऊन, ८८८ हँडबॅगा आणि १५ मिंक कोट (मिंक नावाच्या प्राण्याच्या फरचे) पण होते. मिंक कोट! मनिलात, जिथे थंडी म्हणजे काय ते लोकांना माहीत नाही. चपलांत एक जोड असा होता की त्याच्या टाचेत बॅटरी, चाललं की टाच चमकणार, डिस्कोसाठी. नवीन सरकारने पॅलेस लोकांना बघायला खुला केला आणि लोक रांगा लावून आले.

आता माझं मत. ह्या चपलांनी तिचा फायदाच केला. लोक हसले की राग अर्धा होतो. चपलांची हौस असलेली बाई ही थोडी विनोदी, थोडी आपल्यातलीच वाटते, आणि परदेशी खात्यांत फिरणारा पैसा कुणाच्या डोळ्यासमोर येतच नाही कारण त्याचा फोटो काढता येत नाही.

पण डिक्टेटर नवरा होता ना, बायकोला का धरता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात चुकीचा पण हाच आहे. इमेल्डा नुसती फर्स्ट लेडी नव्हती. १९७५ पासून मेट्रो मनिलाची गव्हर्नर, म्हणजे राजधानीचा आख्खा कारभार तिच्या हातात. पुढे ह्युमन सेटलमेंट्स खात्याची मंत्री, १९७८ पासून संसदेची सदस्य, आणि वर राष्ट्राध्यक्षांची खास राजदूत म्हणून परदेश दौरे: माओला भेटली, गडाफीला भेटली, कॅस्ट्रोला भेटली. गडाफीची भेट तर मिंदानाओ बेटावरच्या मुस्लिम बंडखोरांशी १९७६ मध्ये झालेल्या त्रिपोली शांतता कराराच्या कामी आली, तिचं कर्तृत्व नव्हतं असं कुणी म्हणू नये. भाऊ कोकॉय रोमुआल्देझ लेयतेचा गव्हर्नर, नंतर अमेरिकेत राजदूत. मनिलाला वीज देणारी मेराल्को कंपनी लोपेझ घराण्याची होती, घरातला मुलगा जेलमध्ये होता, आणि त्या दबावाखाली कंपनी ह्याच भावाच्या गोटात गेली.

मनिलाचे लोक तिच्यावरूनच एक शब्द वापरायला लागले, "इमेल्डिफिक". भपका, पण असा की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

पगार किती होता दोघांचा?

हे कोर्टाच्या निकालात पैशापैशाने लिहिलेलं आहे. राष्ट्राध्यक्षाला आधी वर्षाला ६०,००० पेसो (तिथलं चलन), नंतर १,००,००० पेसो. मंत्री म्हणून इमेल्डाला वर्षाला ७५,०००. दोघांची वीस वर्षांची सगळी अधिकृत कमाई धरून कोर्टाने हिशेब केला तर ती आली ३,०४,३७२ डॉलर. वीस वर्षांची, दोघांची मिळून. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जेन रायन कोण?

तीच. मार्च १९६८, म्हणजे मार्शल लॉच्या चार वर्षं आधी, झुरिकच्या क्रेडिट स्विस बँकेत विल्यम सॉन्डर्स आणि जेन रायन ह्या नावांनी खाती उघडली गेली. साडेनऊ लाख डॉलर टाकले, चार खात्यांत. बँकेच्या फॉर्मवर टोपणनाव आणि ते नाव खरं कुणाचं हे दोन्ही लिहिलेलं, म्हणजे सॉन्डर्स म्हणजे फर्डिनंड आणि रायन म्हणजे इमेल्डा. आणि हे कागद जपून ठेवले होते पॅलेसमध्ये! पळायच्या गडबडीत मागेच राहिले. एवढा हुशार वकील माणूस, मार्कोस, आणि स्वतःच्या चोरीची फाईल घरात ठेवून गेला. पहिल्या टर्मच्या तिसऱ्या वर्षी, पगार वर्षाला ६०,००० पेसो असताना साडेनऊ लाख डॉलर कुठून आले हे विचारायला तेव्हा कुणीच नव्हतं.

नंतर पद्धत सुधारली. खात्यावर माणसाचं नावच नको म्हणून लिख्टेनस्टाइन ह्या युरोपातल्या चिमुकल्या देशात फाउंडेशनं काढली: ट्रिनिदाद, रेबी, पाल्मी, व्हिबुर, मालेर, आव्हेर्तिना असली नावं. ट्रिनिदाद हे तिच्या आईचं माहेरचं नाव. फाउंडेशन कागदावर स्वतंत्र, चालवणारे वकील तिथलेच, आणि फायदा मिळणारा "पहिला लाभार्थी" कोण ते एका वेगळ्या गुप्त कागदावर. एक बंद करायचं, पैसे दुसऱ्यात, मग दुसऱ्याचं नाव बदलायचं. तपास करणाऱ्यांची वर्षंच्या वर्षं नुसता माग काढण्यात गेली ती ह्याच्यामुळे.

नवऱ्याला म्हणे दुसऱ्या महायुद्धातलं सोनं सापडलेलं?

यामाशिताचं सोनं. जपानी जनरलने लपवलेला खजिना मार्कोसला मिळाला ही गोष्ट इमेल्डानेच १९९२ च्या सुमाराला सांगितली. सोयीची गोष्ट आहे, कारण मेलेल्या नवऱ्याला विचारता येत नाही आणि खजिन्याची पावती नसते. खजिना खरा असता तर तो घोषित संपत्तीत, टॅक्समध्ये कुठे तरी दिसायला हवा होता ना.

एवढ्या बिल्डिंगी कशाला बांधल्या?

इंग्रजीत तिच्या ह्या आजाराला "एडिफिस कॉम्प्लेक्स" म्हणतात, एडिफिस म्हणजे भव्य इमारत. १९६९ ला कल्चरल सेंटर, १९७४ ला फोक आर्ट्स थिएटर, तेही ७७ दिवसांत, कारण मिस युनिव्हर्स मनिलात होणार होती. १९७६ ला आयएमएफ आणि वर्ल्ड बँकेची बैठक, तर त्यासाठी कन्व्हेन्शन सेंटर आणि सरकारी कर्जावर डझनभर आलिशान हॉटेलं, आणि पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून झोपडपट्ट्यांतले लोक हलवले. १९८१ ला पोप येणार म्हणून नारळाच्या लाकडाचा आणि करवंट्यांचा कोकोनट पॅलेस बांधला. पोप जॉन पॉल दुसरे तिथे राहिलेच नाहीत, गरीब देशात असला थाट नको म्हणाले.

पण सांगायची गोष्ट फिल्म सेंटरची आहे. जानेवारी १९८२ मध्ये मनिलाला इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल भरवायचा होता, फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलसारखं "आशियाचं कान" करायचं होतं, आणि बिल्डिंगच तयार नव्हती. हजारो मजूर तीन पाळ्यांत, रात्रंदिवस. १७ नोव्हेंबर १९८१, पहाटे तीनच्या आसपास वरच्या मजल्याची परांची कोसळली आणि कामगार खाली ओल्या सिमेंटमध्ये पडले. सिमेंट लवकर वाळणारं, कारण घाई होती. आणि मग बचावपथकं, ॲम्ब्युलन्स, पत्रकार सगळ्यांना बाहेरच थांबवलं, नऊ तास. आधी सरकारी निवेदन तयार होईपर्यंत कुणी आत जायचं नाही. नऊ तासांत लवकर वाळणाऱ्या सिमेंटचं काय होतं ते लिहायची गरज नाही. मृतांच्या आकड्यावरून आजही वाद आहे कारण बातमीच दाबली होती. फेस्टिव्हल मात्र ठरलेल्या महिन्यात झाला, झगमगाटात, दोन महिन्यांनी त्याच बिल्डिंगीत.

चपलांवर जोक करणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा सांगतो.

पण तिने बांधलेली हार्ट सेंटर, किडनी सेंटर तर आजही चालतात, मग वाईट काय?

चालतात, आणि चांगली चालतात, हे मान्य. तिचे समर्थक हेच दाखवतात. तेव्हाचे टीकाकार त्यांना "डिझायनर हॉस्पिटलं" म्हणायचे, कारण देशात खेड्यापाड्यात लोक मरत होते ते टीबीने, न्यूमोनियाने, जुलाबाने, आणि पैसा जात होता राजधानीतल्या स्पेशालिटी बिल्डिंगमध्ये, जिला फीत कापता येते. आणि दुसरं, ही कर्ज काढून केलेली कामं होती. देणगी दिल्यासारखं "इमेल्डाने दिलं" म्हणायचं आणि हप्ते जनतेने भरायचे.

बीटल्सचा किस्सा खरा आहे का?

खरा. जुलै १९६६, बीटल्सचे मनिलाला शो होते. इमेल्डाने पॅलेसवर पार्टी ठेवली, शेदोनशे बड्या घरची पोरं नटूनथटून बसलेली, आणि हे लोक आलेच नाहीत, त्यांच्या मॅनेजरने आमंत्रण आधीच नाकारलेलं. टीव्हीवर वाट बघणारी रडवेली मुलं दाखवली. दुसऱ्या दिवशी हॉटेलात सर्व्हिस नाही, पोलिस बंदोबस्त गायब, एअरपोर्टवर सरकते जिने बंद, सामान स्वतः उचला, आणि वर धक्काबुक्की. जेमतेम विमानात बसले. तेव्हा मार्शल लॉ नव्हता बरं का, नवरा सत्तेवर येऊन सहा महिने झालेले फक्त.

न्यूयॉर्कमध्ये काय काय घेतलं होतं?

फिफ्थ ॲव्हेन्यूवरची क्राउन बिल्डिंग, ४० वॉल स्ट्रीट, हेराल्ड सेंटर, २०० मॅडिसन ॲव्हेन्यू, आणि लाँग आयलंडवर लिंडनमिअर नावाची इस्टेट. सगळं दुसऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या नावावर. बाकी खरेदीच्या गोष्टी भरपूर फिरतात, त्यातल्या अर्ध्या तिखटमीठ लावलेल्या आहेत, मी त्या टाकत नाही.

पळून जाताना काय नेलं?

थोडं मागून सांगतो. २१ ऑगस्ट १९८३ ला विरोधी नेता निनॉय अकिनो अमेरिकेतून परतला आणि मनिला एअरपोर्टवर विमानातून उतरताच गोळी घालून मारला गेला. तिथून लोक उलटले. ७ फेब्रुवारी १९८६ ला मार्कोसने अचानक निवडणूक घेतली, निनॉयची बायको कोरी अकिनो समोर उभी, घोटाळा केला, कॉम्प्युटरवर मतं मोजणारे कर्मचारी आकडे बदलतायत म्हणून काम सोडून उठून गेले. मग एडसा रस्त्यावर चार दिवस लाखो लोक, नन रोझरी घेऊन रणगाड्यांसमोर बसलेल्या. २५ फेब्रुवारीला सकाळी मार्कोसने पॅलेसमध्ये परत शपथ घेतली, इमेल्डा बाल्कनीत लोकांसाठी गायली, आणि त्याच रात्री अमेरिकन हेलिकॉप्टरने दोघं क्लार्क एअर बेसला, तिथून ग्वाम, मग हवाई.

होनोलुलूला अमेरिकन कस्टमने सामान उघडलं. खोकीच्या खोकी कोऱ्या नोटा, २ कोटी ७० लाख पेसोंच्या वर. दागिने शेकड्यांनी. आणि सोन्याच्या चोवीस विटा, त्यांच्यावर कोरलेलं, माझ्या नवऱ्याला, आपल्या लग्नाच्या चोविसाव्या वाढदिवसानिमित्त. घाईत घर सोडायचं म्हटलं तर आपण कागदपत्रं आणि औषधं घेऊ. ह्यांनी कागदपत्रं तेवढी मागे ठेवली.

दागिन्यांचं पुढे काय झालं?

सरकारकडे तीन ढीग आहेत: पॅलेसमध्ये राहिलेला, हवाईला जप्त झालेला, आणि १ मार्च १९८६ ला मनिला एअरपोर्टवर रुमेलिओतेस नावाच्या ग्रीक माणसाकडे सापडलेला. पंचवीस-तीस वर्षं बँकेच्या तिजोरीत पडून. २०१५ मध्ये क्रिस्टीज आणि सदबीज ह्या लिलाव कंपन्यांच्या लोकांनी परत किंमत काढली तर त्यात एक २५ कॅरेटचा गुलाबी हिरा निघाला, जो तोपर्यंत कुणी ओळखलाच नव्हता, किमान ५० लाख डॉलरचा. एवढं होतं की त्यात तो हरवून गेला होता.

तेव्हा सामान्य माणसाचं काय चाललं होतं?

ऑक्टोबर १९८३ मध्ये देशाने कर्जफेड थांबवली. १९८४ आणि १९८५ दोन्ही वर्षं अर्थव्यवस्था सात टक्क्यांच्या वर आकसली. नेग्रोस बेटावर साखरेचा धंदा बसला, साखरेची मक्तेदारी मार्कोसचा दोस्त बेनेदिक्तोकडे होती, आणि ऊसतोड मजुरांची पोरं कुपोषणाने मरत होती, हाडं मोजता येतील असे फोटो तेव्हा जगभर छापून आले. १९८६ मध्ये परदेशी कर्ज २६ अब्ज डॉलरच्या आसपास. बातान अणुवीज प्रकल्प त्यातलाच, दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च आणि एक युनिट वीज नाही.

ती जेलमध्ये गेली का?

एकही दिवस शिक्षा भोगलेली नाही. आता क्रमाने बघा.

न्यूयॉर्कचा खटला १९९० चा, लुटीच्या पैशाने बिल्डिंगी घेतल्याचा, सोबत शस्त्रांचा दलाल अदनान खशोगी आरोपी. नवरा सप्टेंबर १९८९ मध्ये वारलेला, त्यामुळे ती काळ्या कपड्यांतली विधवा म्हणून कोर्टात. जामिनाचे ५० लाख डॉलर डोरिस ड्यूक ह्या तंबाखूवाल्या वारसदार बाईंनी भरले. वकिलाचं म्हणणं काय, तर बिचारीला काही माहीत नव्हतं, सगळं नवरा बघायचा. २ जुलै १९९० ला निर्दोष. तिच्या वाढदिवशीच. गव्हर्नर, मंत्री, राजदूत असलेली बाई एका दुपारी परत नुसती गृहिणी झाली.

नोव्हेंबर १९९१ मध्ये देशात परत. १९९२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली, पाचवी आली. १९९३ मध्ये रेल्वेच्या जागेच्या भाडेकरारात शिक्षा झाली, ती १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. त्याच वर्षी एका पेपरला मुलाखत दिली की फिलिपिन्समधलं जवळजवळ सगळं आमच्याच मालकीचं आहे: वीज, टेलिफोन, विमान कंपनी, बँका, बिअर, तंबाखू, पेपर. हे तिने स्वतः सांगितलं, कुणी पकडून काढून घेतलं नाही.

मग ९ नोव्हेंबर २०१८. सांदिगानबायान, म्हणजे तिथलं भ्रष्टाचाराचं कोर्ट, सात आरोपांत दोषी, प्रत्येकात किमान ६ वर्षं १ महिना. केस दाखल १९९१ ची, निकाल सत्तावीस वर्षांनी. आणि गंमत बघा, दोषी कशामुळे, तर सरकारी पदावर असताना त्या परदेशी फाउंडेशनांत हितसंबंध ठेवले म्हणून. ज्या पदांकडे लोक दुर्लक्ष करतात त्याच पदांनी तिला अडकवलं. निकालाला ती हजर नव्हती, त्याच संध्याकाळी मुलीच्या पार्टीतले फोटो आले. वय ८९, जामीन मिळाला, अपील केलं.

पैसे परत मिळाले का?

काही. कोरी अकिनोने सत्तेत येऊन तीन दिवसांत वसुलीसाठी पीसीजीजी नावाचा आयोग नेमला, स्विस सरकारने मार्चमध्येच खाती गोठवली. एकूण लूट ५ ते १० अब्ज डॉलर धरतात. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६५ कोटी ८० लाख डॉलरची स्विस रक्कम जप्त केली, आणि कोर्टाचा युक्तिवाद अगदी साधा होता: अधिकृत कमाई ३,०४,३७२ डॉलर, खात्यात ६५ कोटी, मधला फरक समजावून सांगा. इमेल्डा एका ठिकाणी म्हणते मला ह्या फाउंडेशनांबद्दल माहिती नाही, आणि दुसऱ्या अर्जात म्हणते ह्यातले ९० टक्के माझेच आहेत. कोर्टाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बस.

त्यातलेच १० अब्ज पेसो २०१३ च्या कायद्याने मार्शल लॉमध्ये छळ झालेल्यांसाठी ठेवले. अर्ज तपासून ११,१०३ लोकांना पीडित म्हणून मान्यता मिळाली. कितीतरी जण तोपर्यंत वारले होते.

मग मुलाला लोकांनी निवडून कसं दिलं?

बाँगबाँग मार्कोस, मे २०२२, थेट राष्ट्राध्यक्ष, तीन कोटींच्या वर मतं. सरळ उत्तर नाही. ज्यांनी तो काळ पाहिला नाही अशा पिढीला सोशल मीडियावर "सुवर्णकाळ" म्हणून विकला गेला, पुढच्या सरकारांनी गरिबी हटवली नाही हा राग होताच, आणि कुटुंब कधी राजकारणातून गेलंच नव्हतं. इमेल्डा स्वतः चार वेळा खासदार. निकालानंतर मुलगा आईला भेटायला गेला त्या व्हिडिओत मागच्या भिंतीवर पिकासोचं झोपलेल्या बाईचं चित्र लोकांना दिसलं, जे सरकार वर्षानुवर्षं शोधत होतं. खरं की कॉपी ह्यावर चर्चा झाली. वसुली आयोग आता त्याच मुलाच्या सरकारच्या हाताखाली.

असे अजून नमुने आहेत का?

आहेत की, सगळ्या सत्ताधाऱ्यांच्या बायका. रुमानियाची एलेना चाउशेस्कू, शिक्षण बेताचं पण केमिस्ट्रीची थोर शास्त्रज्ञ म्हणून मिरवायची. झिम्बाब्वेची ग्रेस मुगाबे, "गुची ग्रेस", २०१४ मध्ये काही महिन्यांत पीएचडी. ट्युनिशियाची लैला ट्राबेल्सी. पण सरकारी खुर्च्या आणि खरेदी दोन्हींत इमेल्डाची बरोबरी नाही कुणाची.

चपला आता कुठे आहेत?

शेवटी परत चपलाच, ठीक आहे. मारिकिना हे तिथलं बूट बनवणारं शहर, तिथे २००१ मध्ये म्युझियम झालं आणि आठशेच्या आसपास जोड तिकडे गेले. उद्घाटनाला इमेल्डा स्वतः हजर. म्हणाली, ते माझ्या कपाटात सांगाडे शोधायला गेले होते पण देवाची कृपा, त्यांना सुंदर सुंदर चपलाच सापडल्या. सगळे हसले. उरलेल्या वस्तू पॅलेसच्या तळघरातून नॅशनल म्युझियमच्या एका कुलूपबंद खोलीत गेल्या आणि २०१२ मध्ये वादळी पावसात छत गळलं म्हणून कुणीतरी दार उघडलं, तर खोकी भिजलेली, गाऊनला बुरशी, आणि चपलांना वाळवी लागलेली.